ढाल आणि तिचा पट्टा

आमच्या रत्नागिरीच्या घरी पडवीत एक ढाल टांगलेली आहे. पोलादी, गोल, परातीसारखी पण मध्यभागी फुगीर. व्यास १८ इंचांना थोडा कमी. वाण्याच्या काट्यावर ती २ किलो ३०० ग्रॅम भरली. समोरच्या बाजूला चार पितळी फुले आहेत, त्यातले एक बाकीच्या तिघांशी जुळत नाही. कधीतरी, कुणीतरी बदललेले असणार.

दादीच्या लहानपणी ही ढाल कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून ठेवलेली असे. मुंगूस ढकलू शकत नाही इतके वजन, म्हणून. पुढे अब्बांनी ती तिथून काढली, चिंच लावून फुले घासली, पोलादाला खोबरेल चोळले आणि पडवीत खिळा ठोकला. आजही पावसाळ्याआधी तिला तेल लागते. कोकणच्या हवेत लोखंड टिकवायचे म्हणजे दरवर्षीची मेहनत आहे.

गेल्या हिवाळ्यात जवळच्या एका गावात शाळकरी मुलांसाठी जुन्या वस्तूंचे प्रदर्शन होते. माझा भाचा तेव्हा जहाजावरून रजेवर आलेला. तो ढाल घेऊन गेला, टेबलाशी दिवसभर उभा राहिला, मुलांना हात लावू दिला. संध्याकाळी परत आला तो गप्प. ढाल खिळ्याला अडकवली आणि जेवताना विचारले, "मामू, आपली ढाल कुणाच्या बाजूची?"

झाले असे होते की एका तरुणाने ढालीखालची चिठ्ठी वाचली, चिठ्ठीवरचे आडनाव वाचले आणि हसत म्हणाला, "म्हणजे ही समोरच्या फौजेतली." त्यात शिवी नव्हती, भांडण नव्हते. तो तरुण पुढच्या टेबलाकडे निघूनही गेला. पण भाच्याच्या घशात ते अडकले. तो दर्यावर महिनोन्महिने काढणारा माणूस, इतिहासाच्या वादात कधी न पडलेला. त्याला उत्तर सुचले नाही आणि त्याचेच त्याला वाईट वाटत होते.

मलाही ताटावर बसून उत्तर सुचले नाही. त्या उत्तराच्या शोधात मी जे वाचले, पाहिले आणि आम्ही दोघांनी जे करून पाहिले, ते इथे मांडतो आहे.

सुरुवात मी ढाल उलटी करून केली. ढालीचे फोटो नेहमी समोरून काढतात, संग्रहालयातही ती समोरचा चेहरा दाखवत भिंतीला असते. पण ज्याने ती वापरली तो आयुष्यभर तिची मागची बाजूच पाहत होता. समोरची बाजू शत्रूसाठी, मागची आपल्यासाठी.

हिंदुस्थानी ढालीची मागची रचना बहुतेक ठिकाणी एकसारखी असते. समोरची चार फुले नुसती शोभेची नाहीत. प्रत्येक फुलाचा खिळा ढालीतून आरपार जाऊन मागे एका कडीत संपतो. अशा चार कड्या. या कड्यांना दोन मुठी बांधलेल्या असतात, कातड्याच्या किंवा कापड गुंडाळलेल्या दोरीच्या. दोन्ही मुठी एकत्र आवळल्या की ढाल डाव्या हातात घट्ट बसते. मुठींच्या खाली एक चौकोनी गादी असते, आत कापूस वगैरे भरलेली. वार ढालीवर बसला की त्याचा धक्का हाताच्या हाडाला लागू नये, म्हणून ती गादी. हात मुठींतून आरपार घातला तर ढाल कोपराच्या खाली बाहूवर चढते आणि पंजा मोकळा होतो. घोडेस्वाराला हे लागतेच, कारण त्याच्या डाव्या हातात लगाम असतो.

आणि लढाई नसेल तेव्हा? तेव्हा ढाल पाठीवर जाते. मुठींशिवाय आणखी एक लांब पट्टा कड्यांतून ओवून खांद्यावरून घेतला की दोन्ही हात मोकळे. मोगल काळातील चित्रांत शिपाई, हुजरे, शिकारी असे पाठीवर किंवा बगलेला ढाल अडकवलेले कितीतरी दिसतात. आपण चित्रातला बादशहा बघतो, म्हणून तो पट्टा नजरेतून सुटतो.

आमच्या ढालीच्या मुठी गेल्या, गादी गेली, पट्टा तर केव्हाच गेला. फक्त चार कड्या उरल्या आहेत. भाच्याने त्या कड्या अंगठ्याने चाचपल्या आणि म्हणाला, "मामू, या दोन झिजल्यात." खरेच, चारांपैकी दोन कड्या वरच्या अंगाला खाचल्यासारख्या पातळ झाल्या आहेत. मी पन्नास वर्षे ती ढाल पाहतो आहे, मला हे कधी दिसले नव्हते. जहाजावर साखळदंड आणि कड्या तपासणे हे ज्याचे रोजचे काम, त्याला ते दिसले.

त्या झिजेकडे पुन्हा येईन. आधी शब्दांकडे वळतो, कारण शब्दही असेच झिजलेले असतात.

ढाल हा आपला देशी शब्द. फारसीत तिला सिपर म्हणतात. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त शस्त्रागाराची जी यादी आहे तिच्यात सिपर आणि ढाल हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात. अंगावर चढवायच्या चिलखतासाठी आपण जिरेबख्तर म्हणतो, तो शब्द फारसीतून आला. छाती, पाठ आणि दोन्ही कुशी यांवर पट्ट्यांनी बांधायच्या चार पोलादी पत्र्यांना चार आईना म्हणत, म्हणजे चार आरसे. ढाल घेऊन चालणाऱ्या शिपायाला मराठीत ढालाईत म्हणत, आणि ढालाईत आडनावाची मुसलमान घरे आजही सांगली-कोल्हापूरकडे आहेत.

पण मला सर्वात आवडलेला शब्द पट्ट्याचा आहे. तलवार खांद्यावरून अडकवण्याच्या पट्ट्याला मराठीत परतळा म्हणतात. अरबीत त्यालाच हमाईल म्हणतात. हा शब्द ज्या धातूतून निघाला त्याचा अर्थ वाहणे, उचलणे. त्याच धातूतून आपला हमाल निघाला, रेल्वे स्टेशनवरचा, बाजार समितीतला. १९६९ च्या महाराष्ट्राच्या माथाडी कायद्याच्या नावातही तो हमाल आहे. त्याच धातूतून हामिला म्हणजे गरोदर बाई. त्याच धातूतून तहम्मुल, म्हणजे सोसण्याची ताकद. आमच्या घरांत जुन्या लोकांकडे गळ्यात अडकवायचा लहान आकाराचा कुरआन असे, त्यालाही हमाईल शरीफ म्हणतात. तलवारीचा पट्टा, ओझ्याचा माणूस, पोटातले बाळ, मनातला सबुर आणि गळ्यातला कुरआन, सगळे एकाच मुळाचे.

मौज अशी की प्राचीन ग्रीकांनीही हेच केले. होमरच्या काव्यात योद्ध्यांच्या ढालीला आणि तलवारीला जो खांद्यावरचा पट्टा असतो त्याला ते तेलामोन म्हणत, आणि त्या शब्दाचे मूळही सोसणे, वाहणे हेच आहे. युरोपातल्या मध्ययुगीन सरदारांच्या ढालींनाही असा गळ्यातून घ्यायचा पट्टा असे. जिथे जिथे माणसाने ढाल बनवली तिथे तिथे तिला थोड्याच दिवसांत कळले असणार की अंग वाचवायची वस्तू आधी अंगावर वागवावी लागते, आणि हात तर दोनच आहेत.

मराठी फौजेच्या रचनेतही हे वागवणे शब्दांत उतरले आहे. घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची शस्त्रे घेऊन येणारा. सिलाह म्हणजे शस्त्र आणि दार म्हणजे बाळगणारा. बारगीर म्हणजे ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे तो. बार म्हणजे ओझे आणि गीर म्हणजे घेणारा, म्हणजे शब्दशः ओझे घेणारा. दोन्ही शब्द फारसी वळणाचे आणि दोन्ही शिवाजी महाराजांच्या फौजेत रोजच्या बोलण्यातले. तेव्हा ढाल कुणाची, या प्रश्नाचा त्या काळातला साधा अर्थ वेगळा होता. ढाल शिलेदाराची असेल तर त्याच्या घरची, सरकारातून मिळालेली असेल तर सरकारची. धर्माचा प्रश्न नंतरचा.

आता सिंहगडाकडे येतो. तेव्हाचे नाव कोंढाणा. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कड्याच्या बाजूने वर चढले. तानाजींचे उमरठे गाव पोलादपूरकडचे, म्हणजे आमच्या कोकणातलेच. ही गोष्ट लहानपणापासून आपण सगळ्यांनी ऐकली आहे, मी उर्दू शाळेत ऐकली आणि शेजारच्या मुलांनी मराठी शाळेत. घोरपडीवर आम्ही तेव्हाही वाद घालत असू. पण ढाल उलटी करून पाहिल्यावर मला त्या गोष्टीत दुसरेच काही दिसू लागले.

रात्र आहे. सरळ कडा आहे. दोर दोन्ही हातांनी धरायचा आहे. पायाने खाच शोधायची आहे. मग तलवार कुठे असेल? कमरेला किंवा परतळ्यात. आणि ढाल? ती पाठीवरच असणार, दुसरी जागाच नाही. बखरीत पट्ट्याचा उल्लेख नाही, बखरकार पट्ट्यावर शाई कशाला घालवील? पण माणसाचे शरीर तेव्हाही असेच होते. पट्टा सैल असेल तर ढाल कुशीकडे घसरून तोल जाईल, किंवा दगडावर आपटून वाजेल आणि पहारेकरी जागा होईल. पट्टा फार आवळलेला असेल तर वर पोचल्यावर ती चटकन हातात येणार नाही. त्या रात्री कितीतरी जीव कातड्याच्या एका पट्टीवर आणि तिच्या गाठीवर लटकत होते.

आणि त्याच गोष्टीत पुढे ढालच तुटते. सभासदाच्या बखरीत आहे की उदयभानाशी लढताना तानाजींची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली आणि वार झेलले. दोघेही त्या लढाईत पडले. महाराष्ट्रातली सर्वात प्रसिद्ध ढाल ही तुटलेली ढाल आहे.

तो उदयभान कोण होता? राठोड रजपूत, औरंगजेबाचा किल्लेदार. म्हणजे मराठी इतिहासातल्या या सर्वात गाजलेल्या द्वंद्वात दोन्हीकडे हिंदू होते. आता दुसऱ्या बाजूने बघू. शिवाजी महाराजांच्या पायदळाचा सरनोबत म्हणून सभासद नूर बेगाचे नाव देतो. आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग हे मुसलमान अंमलदार होते. पत्रव्यवहाराच्या कामात काझी हैदर होते. अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर ब्राह्मण होता. खुद्द शहाजीराजे आदिलशाहीचे सरदार होते. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला, कोकणात राहिला आणि १६८७ साली आमच्या जिल्ह्यातल्या राजापूर बंदरातून जहाजात बसून इराणला गेला. बादशहाचा मुलगा बापाच्या फौजेपासून वाचायला मराठ्यांच्या ढालीआड राहिला होता.

ही नावे मी आजवर अनेकदा लिहिली आहेत आणि खरे सांगतो, दरवेळी लिहिताना थोडा थकवा येतो. जणू आपण खिशातून ओळखपत्र काढून दाखवतो आहोत. दौलतखान आमचा, नूर बेग आमचा, म्हणून आम्हीही तुमचे. पण आपले इथले असणे अशा चार-सहा नावांवर का टांगायचे? ती नावे नसती तर आम्ही या मातीचे नसतो काय? आणि दुसरीकडे जंजिऱ्याचे सिद्दी महाराजांशी वर्षानुवर्षे लढले, हेही खरे आहे. ते मी का लपवू? इतिहास हा साक्षीदार आहे, आपला वकील नव्हे. त्याच्याकडून हवी तेवढीच साक्ष घ्यायची नसते.

म्हणून मी ढालीला दुसरा प्रश्न विचारायचे ठरवले. कुणाच्या बाजूची, हे राहू दे. तुला कुणी बनवले आणि कुणी वाहिले?

एक ढाल तयार व्हायला किती हात लागत, ते पाहा. कातड्याची ढाल असेल तर कातडे कमावणारा ढोर समाज. गेंड्याचे, म्हशीचे कातडे अनेक दिवस कमावून, साच्यावर ओले असताना ताणून, वाळवून, वर रोगण चढवून कठीण करत. गेंड्याच्या कातडीची ढाल उत्तम मानत, आणि कुणाला काही लागत नाही म्हणून आपण ज्याला गेंड्याच्या कातडीचा म्हणतो ती म्हण अजून जिवंत आहे. पोलादी असेल तर लोहार. पितळी फुलांसाठी तांबट. मुठी आणि पट्ट्याच्या कातडी कामासाठी जीनगर, ज्यांच्या नावातच जीन म्हणजे खोगीर आहे. रेशमी गोंडे आणि दोऱ्या वळणारे पटवेकरी. आणि पोलादाला धार आणि झिलई देणारे शिकलगार. शिकलगार हा शब्द अरबी सैकल म्हणजे झिलई, यावरून आला, आणि महाराष्ट्रातले शिकलगार बहुतेक मुसलमान. ज्या ढालीने जो कुणी वाचला, तो या सगळ्यांच्या हातांनी वाचला. यांच्यातल्या कुणाचेही नाव बखरीत नाही.

कुरआनात हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांचा उल्लेख आहे. ते बादशहा होते, पैगंबर होते, तरी अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि चिलखत विणण्याची कला त्यांना शिकवली, असे सांगताना कड्यांचे माप नीट राखा, अशीही सूचना येते. मला ही सूचना नेहमी फार मोलाची वाटत आली. कारागिराला सांगावे तसे सांगितले आहे. एक कडी सैल राहिली तर आतला माणूस मरतो. आणि हदीसमध्ये आहे की आपल्या पैगंबर साहेबांची वफात झाली तेव्हा त्यांचे चिलखत मदीनेतल्या एका यहुदी गृहस्थाकडे घरच्या जवासाठी गहाण होते. अल्लाहच्या रसूलचे चिलखत शेजारच्या दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या घरी, आणि दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. चिलखताला बाजू चिकटवण्याची घाई आपल्यालाच झाली आहे.

ढालीचे दिवस कशाने संपले? तोफेने म्हणतात, पण मला वाटते हातांच्या हिशेबाने. बंदूक ठासायला दोन्ही हात लागतात. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारदी मराठ्यांकडून लढला, पकडला गेला आणि मारला गेला. त्याचे गारदी कवायती फौजेचे होते, ओळीत उभे राहून बंदुका झाडणारे. अशा शिपायाच्या डाव्या हातात ढाल बसत नाही. मग पट्ट्यावर ढालीऐवजी काडतुसे आली. काडतूस हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला. १८१८ नंतर रत्नागिरी इंग्रजांकडे गेली आणि हा जिल्हा कंपनीच्या आणि नंतर राणीच्या फौजेला शिपाई पुरवणारा जिल्हा झाला. मराठे, महार, मुसलमान, सगळे गेले. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर शिपायांची वस्तीच झाली, डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी तिथे काही काळ राहिले. या शिपायांच्या अंगावर छातीवर फुली मारणारे दोन पट्टे असत. पुढे १९०८ साली ब्रिटिश फौजेने कातड्याऐवजी विणलेल्या सुती पट्ट्यांचा साज घेतला, ज्यात सगळे ओझे खांदे आणि कंबर यांच्यात वाटले जाई आणि कोट काढावा तसा सगळा साज एकदम काढता येई.

१८७८ साली हत्यारांचा कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरला. त्या कायद्यातल्या हत्यारांच्या व्याख्येत बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, धनुष्यबाण होते. ढाल नव्हती. कदाचित म्हणूनच कोकणातल्या आमच्यासारख्या घरांत तलवार उरली नाही आणि ढाल उरली. सरकारला मारणाऱ्या वस्तूची भीती होती. झेलणारी वस्तू तिने कोंबड्यांसाठी सोडून दिली.

आता पुन्हा त्या झिजलेल्या कड्यांकडे.

भाचा म्हणाला, "आपण पट्टा लावून बघू." जुन्या खाटेची नवार घरात होती. त्याने ती दुहेरी केली, झिजलेल्या दोन कड्यांतून ओवली आणि ढाल पाठीवर घेतली. पहिल्यांदा नुसती एका खांद्यावर. वाकला की ढाल कुशीवर घसरे. मग उजव्या खांद्यावरून डाव्या काखेखाली, तिरकी. ती बरी बसली. मग त्याने उरलेल्या दोन कड्यांतून आणखी एक तुकडा घेऊन कमरेशी बांधला आणि अंगणातल्या फणसावर चढून गेला. ढाल हललीही नाही.

खाली उतरून त्याने मला जे सांगितले ते मी कुठल्याही पुस्तकात वाचले नव्हते. जहाजावर आग विझवायला जाणाऱ्या माणसाला पाठीवर हवेचा सिलिंडर घ्यावा लागतो. सगळा साज मिळून दहा-पंधरा किलो. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ साली समुद्रातल्या जीवसुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच कराराच्या आजच्या नियमांत या सिलिंडरचेही माप ठरलेले आहे, किमान १२०० लिटर हवा किंवा ३० मिनिटे पुरेल एवढी. "मामू, आम्हाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात," तो म्हणाला. "आधी खांद्याचे पट्टे ओढायचे, मग कमरेचा पट्टा आवळायचा, मग खांद्याचे थोडे सैल सोडायचे. वजन खांद्याने नाही, कमरेने वाहायचे. हात आणि मान मोकळी पाहिजे. एका हातात पाण्याचा पाइप, दुसऱ्या हाताने धुरात भिंत चाचपायची. पट्टा चुकला तर आगीच्या आधी पट्टाच मारतो."

दादी असती तर हसली असती. ती या ढालीला लोखंडाचा इरला म्हणायची. तेव्हा मला तो विनोद वाटे. इरले आता कमी दिसते, प्लास्टिकच्या खोळींनी त्याची जागा घेतली. पण आमच्या लहानपणी लावणीच्या दिवसांत शेतात ओळीने इरलीच दिसत. बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी, मध्ये पाने दाबून बसवलेली, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारी, कासवाच्या पाठीसारखी. पाऊस वरून कोसळतो आहे आणि त्याखाली बाई ओणवी होऊन दोन्ही हातांनी रोपे लावते आहे. छत्री असती तर एक हात गेला असता. ढालीचा प्रश्न तोच आणि उत्तरही तेच. नारळ पाडायला चढणाऱ्याची कोयतीही कमरेमागच्या आकडीला अडकवलेली असते, हातात नसते. कोकणातल्या माणसाला हे कुणी फौजेत शिकवायला नको होते. तो घरूनच शिकून जात होता.

म्हणजे दादीने ढालीचे मर्म आमच्याआधी ओळखले होते. तिला ढाल हे लढाईचे साधन दिसले नाही. पाठीवर घ्यायचे, सोसायचे आणि हात कामाला मोकळे ठेवायचे साधन दिसले.

आता झिजेचा अर्थ लागतो. मुठींचे ओझे चारही कड्यांवर सारखे पडते. लढाईतच वापरली असती तर चारही कड्या सारख्या झिजल्या असत्या. पण दोनच झिजल्या, त्याही वरच्या अंगाला. याचा अर्थ ही ढाल हातात कमी होती आणि खांद्यावर जास्त. पट्टा वर्षानुवर्षे त्या दोन कड्यांत पावलागणिक घासत होता. ज्या माणसाची ती होती त्याने तिने किती वार झेलले कुणास ठाऊक, पण तिला घेऊन तो चालला मात्र खूप. घाट चढला, खाड्या ओलांडल्या, पावसात भिजला. इतिहासाच्या पुस्तकात त्या चालण्याला पान नाही. तिथे फक्त वाराचा दिवस असतो. पण शिपायाच्या आयुष्यात वाराचा दिवस एखादा, ओझ्याचे दिवस सगळे.

आणि ते बदललेले चौथे फूल? ते सांगते की ढाल मोडली तेव्हा कुणीतरी ती दुरुस्त केली. हाती होते त्या पितळेने, जुळेल तसे. टाकून दिली नाही.

रजा संपवून जाताना भाच्याने पुन्हा विचारले नाही, पण मीच त्याला म्हणालो, पुढच्या वर्षी प्रदर्शन असेल तर ढाल पुन्हा ने. या वेळी उलटी ठेव, मागची बाजू वर करून. नवारीचा पट्टा तसाच राहू दे. आणि कुणी विचारले की कुणाच्या बाजूची, तर त्याला म्हणावे, आधी पाठीवर घेऊन बघा. दहा पावले चाला. मग सांगा.

तो हसला. म्हणाला, "मामू, चिठ्ठीवर आडनाव लिहू की नको?"

मी म्हणालो, मोठ्या अक्षरात लिही.